होडीची तुळस

आमच्या पेणच्या घरी गणपतीला दरवर्षी नवं घर लागतं. हे वळण वडिलांनी लावून ठेवलेलं. मखर म्हणजे एखादी खरी इमारत हवी, मनची, नुसती कल्पनेतली, नको, असा त्यांचा हट्ट होता. ते गेल्यावर काम माझ्याकडे आलं. मी रोह्याला शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा पुठ्ठा, कटर आणि खळ माझ्या पाचवीलाच पुजलेले. पेणचं घर आता धाकट्या भावाचं आहे. तो धाटावच्या कंपनीत शिफ्टला येतो-जातो आणि मूर्ती जवळच्या जोहे गावातल्या कारखान्यातून आणतो. बाकी सगळं ताईने करायचं आणि त्याने पाहुण्यांना सांगायचं, अशी आमची वाटणी आहे.

पेणमध्ये गणपतीच्या बाबतीत कुणाला फसवता येत नाही. अर्धं गाव मूर्ती घडवतं आणि उरलेलं अर्धं त्या मूर्तींना नावं ठेवतं. दर्शनाला आलेला माणूस हात जोडतो, मोदक तोंडात टाकतो आणि मग मान तिरकी करून बघायला लागतो. सोंडेचं वळण बरोबर आहे का, मखराची कमान मूर्तीला दाबत तर नाही. गेल्या साली एका काकांनी मी केलेल्या देवळाच्या शिखराला ‘भोपळा’ म्हटलं होतं. हसून म्हटलं होतं, पण मी वर्षभर विसरले नाही. माझा स्वभावच तसा आहे. काम चांगलं झालं नाही म्हणा, एक वेळ ऐकून घेईन. खोटं आहे म्हणालात तर माझं डोकं फिरतं.

म्हणून या वर्षी मी रेवदंडा धरला. एके काळी जगभरची गलबतं जिथे लागत, ते बंदर. आता तिथे पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या भिंती आहेत आणि भिंतींच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. भाऊ म्हणाला, “ताई, तिथे पडके दगड सोडून काय आहे?” मी म्हटलं, पडके दगडच करायचेत. भोपळा म्हणायला कुणाला जागाच राहणार नाही.

श्रावणातल्या एका रविवारी रोह्याहून एसटी पकडली. चणेऱ्यावरून साळावच्या पुलापर्यंत गाडी अशी रमतगमत जाते की माणसाला आपण कशाला निघालो तेच आठवेनासं होतं. पूल ओलांडला की रेवदंडा. तिथे किल्ल्यात शिरायचं म्हणजे गावातच शिरायचं असतं. तटाच्या आत घरं आहेत, कुणाच्या अंगणात सुपाऱ्या पसरलेल्या, कुणाची गाय बांधलेली, आणि गाईच्या मागे अचानक एखादी उंच कमान उभी राहते. कमानीला पुढे भिंत नाही, मागे छत नाही. तिच्यातून पलीकडच्या वाडीतले माड दिसतात. मी छत्री मानेत अडकवून कागदावर रेघा मारत हिंडले. सातखणी म्हणतात तो मनोरा पाहिला. आता सात खण, म्हणजे मजले, उरलेले नाहीत, पण अंगाने अजून सरळ आहे. एका छोट्या पोर्तुगीज प्रार्थनाघराच्या आतल्या छतावर कमानींच्या फासळ्या एकमेकींना जाऊन भेटतात तिथे एक दगडी फूल आहे. त्या फुलाखाली मी छतातून झिरपणारं पाणी अंगावर घेत कितीतरी वेळ उभी होते. समुद्राकडच्या दरवाजाशी वडाची मुळं दगडाला अशी धरून बसली आहेत की झाडाने भिंत धरलीय की भिंतीने झाड, सांगता येऊ नये. मला खूप आनंद झाला होता. तो आनंद खरा होता, हे आता मुद्दाम लिहून ठेवते.

पावसाची सर जोरात आली तेव्हा मी जवळच्या एका घराच्या पडवीत शिरले. घरात सासू-सून दोघीच होत्या, मुलगा कामावर. सासू सत्तरीपुढची, कोरडी, ताठ बाई. मी कोण, कुठली, नवरा काय करतो, मुलं किती, सगळं विचारून झाल्यावर तिने सुनेला चहा टाकायला सांगितला.

“दगड बघायला आलीस?” ती म्हणाली. “बघ बाय. आमाला काय, रोजचेच हायेत.”

चहा होईपर्यंत मी अंगणाकडे बघत होते. मधोमध तुळशीचं वृंदावन होतं, गेरूने सारवलेलं. पावसाने गेरू धुपून खाली लाल ओघळ आला होता आणि जिथे धुपला तिथे दगडावर एक तिरकी रेघ दिसत होती. नुसता दगड तसा तडकत नाही. मी कुणाला न विचारता पावसात उतरले आणि त्या रेघेवर बोट फिरवलं.

“काय बघतेस गो?” मागून आवाज आला.

मी म्हटलं, “मावशी, ही डोलकाठी आहे.”

ती आत गेली, नारळाची शेंडी घेऊन आली, डोक्यावर इरलं घेऊन वाकली आणि स्वतःच्या हाताने तिने गेरू खरवडला. दगडावर जहाज होतं. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, खाली लाटांच्या तीन ओळी, आणि कडेने वेल. बोटभर खोल खोदाई, इतक्या वर्षांच्या गेरूखाली ती नव्यासारखी राहिली होती.

तिचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने विहिरीच्या मागे पडलेला तो दगड ओढत आणून त्यावर तुळस लावली होती. नवी नवरी येणार, तिला दिवा लावायला जागा हवी म्हणून. घरात सगळे होडीची तुळस म्हणत. नवरा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या वाडीतला एक कोरीव खांब पुरातत्त्वाच्या ऑफिसातली माणसं येऊन घेऊन गेली, तेव्हापासून तिने जहाजावर गेरूचा हात जाड द्यायला सुरुवात केली.

“फोटू काढ,” ती म्हणाली. “तुला कळतं त्यातलं म्हनून दावला. पन कुनाला सांगू नको गो. मानसं येतात मग.”

“नाही सांगणार, मावशी.”

“शपथ नको. नाय म्हनलीस, बास झालं.”

त्यानंतर मी मापं घ्यायला पुन्हा एकदा गेले. खरं तर मनोऱ्याची मापं बाकी होती, पण माझा सगळा वेळ तिच्याच अंगणात गेला. तिने मला ओल्या खोबऱ्याचे पोहे खाऊ घातले. सून हसून म्हणाली, “आई दोन दिस इचारीत हुत्या, चित्रवाली बाय कवा येनार म्हनून.” निघताना मावशीने माझ्या देखत जहाजावर परत गेरू फिरवला.

मखर झालं ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. मागे मनोरा, पुढे समुद्राकडचा दरवाजा, त्यातून वडाची मुळं उतरलेली. ती मी काथ्याची केली. गणपती कमानीखाली बसला. आणि पुढच्या मोकळ्या जागेत मी तुळशीचं वृंदावन ठेवलं, त्यावर जहाज. ते ठेवताना माझा हात थांबला होता का? थांबला होता. मी मनाशी म्हटलं, सांगणार नाही म्हटलंय, दाखवणार नाही असं कुठे म्हटलंय. शिवाय पेण कुठे, रेवदंडा कुठे. शाळेत मुलं मला अशी उत्तरं देतात तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते.

लोक आले, मान तिरकी करून बघू लागले आणि यंदा त्यांची मान सरळच होईना. भोपळावाले काकासुद्धा म्हणाले, “पोरी, जमलं गो तुला.” वहिनी मोदक पुरवून पुरवून दमली. भाऊ तर जणू मनोरा त्यानेच बांधला अशा थाटात दारात उभा. गौरींच्या दिवशी त्याच्या कंपनीतला एक मित्र आला. याला किल्ल्यांचे व्हिडिओ करून फोनवर टाकायचा नाद. त्याने सगळं फिरून टिपलं आणि तुळशीपाशी थांबला.

“मस्त झालंय, ताई. पण ही तुळस मनची ना? तुळशीवर जहाज कुठे असतं?”

भाऊ म्हणाला, “असेल बाबा, ताईची कल्पना.”

इथे गप्प बसायचं होतं. हसून ‘हो, कल्पना’ एवढे दोन शब्द. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. “कल्पना कसली? मी हाताने मापं घेऊन आलेय. मनोऱ्याच्या मागच्या वाडीत जाऊन बघा, अंगणात आहे. गेरूखाली.”

वाक्य पुरं व्हायच्या आतच मला कळलं. त्याचा फोन अजून चालूच होता. मी म्हणाले, “हे टाकू नका हां.” तो म्हणाला, “नाही नाही, ताई.” त्याचं ‘नाही’ माझ्या ‘नाही’इतकंच पक्कं निघालं.

विसर्जन झालं, मखर माळ्यावर गेलं. नवरात्राच्या सुमारास भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तुझी तुळस खूप चालली. लोक शोधत शोधत जाऊन आले तिथे. आणि तो दगड नेला म्हणे ऑफिसवाल्यांनी टेम्पोतून. बरं झालं ना, नीट राहील आता.”

मी “हो” म्हटलं. त्या ‘हो’चाही मी पुढे बराच विचार केला. कारण त्यात काही खोटं नव्हतं. कोरीव दगड जपायला हवा, तो सगळ्यांचा असतो, एका घराचा नसतो, हे मीच वर्गात शिकवते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. कुणी मला आधी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मला एका बाईने पावसात वाकून, स्वतःच्या हाताने गेरू खरवडून तो दगड दाखवला होता.

दिवाळीत फराळाचं ताट समोर घेऊन बसले आणि चकली मोडून तशीच ठेवून दिली. नवरा म्हणाला, जाऊन ये एकदा. त्याला वाटलं मला दगडाची आठवण येतेय. मी पुढे ढकलत राहिले. भाऊबीज, पाहुणे, तपासायचे पेपर. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ऊस, आवळे आणि चिंचा पिशवीत घालून एसटीत बसले. मावशी काय काय बोलेल ते वाटेत मी ऐकत होते. बोलू दे, म्हटलं. बोलली की मी सुटेन.

अंगणात तुळस होती. रंगाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात. डब्याला कुणी तरी गेरू लावून बघितला होता, तो पोपडे धरून निघाला होता. दगड होता तिथे चौकोनी उघडी जागा, तेवढीच न सारवलेली.

“आलीस गो बाय,” मावशी म्हणाली. तोंडभर हसली. “मला वाटलं इसरलीस.”

मी ऊस पडवीत टेकवला. तिला ठाऊक नव्हतं. ते हसू बघितल्याबरोबर मला कळलं की हिला काही ठाऊक नाही.

ती सांगत गेली. आधी पोरं आली, मोटारसायकलींवरून. मग फोटोवाले. मग ऑफिसातली माणसं, चांगलं बोलली, कागदावर सही घेतली, दगड उचलला. मुलगा कामावर होता. “मी म्हनलं, तुळस तरी उपटू द्या. तवा थांबली मानसं. मी माज्या हातानं काढली. मुळं पार त्या जहाजात गेली हुती. तुटली थोडी.”

“कुणी सांगितलं त्यांना?” मी विचारलं. असं मी विचारलं. माझ्या तोंडातून हा प्रश्न कसा निघाला, मला अजून कळत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोरानेच विचारपूस कशी करावी, हे माझ्याकडून शिकावं.

मावशीने स्वयंपाकघराकडे हनुवटी केली. “फोन कुनाच्या हातात असतो सारका? श्रावनात तुळशीसंगं फोटू काडून टाकला हुता तिनं. इचारलं तर म्हनते, आई, त्यात जहाज नवतं, गेरू हुता. मी काय येडी हाय? तवापासनं मी तिच्या हातचा चा घेत नाय. माजा मी करते.”

सून आत भांडी घासत होती. आवाज थांबला नाही, मोठाही झाला नाही.

बोलायची जागा तीच होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “जाऊ दे मावशी, झालं ते झालं.” मग तुळशीला हळद-कुंकू वाहिलं, डब्यातल्या तुळशीला, आणि उशीर होईल म्हणून उठले. मावशीने कोपऱ्यातले दोन नारळ माझ्या पिशवीत घातले. वाडीतले, सोललेले. नको नको म्हणत मी घेतले. ती सुनेला थेट बोलत नव्हती, म्हणून भिंतीकडे बघून म्हणाली, “बायला कुनी तरी फाट्यावर सोडा.”

सून पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाली. तटाच्या फुटक्या भिंतीपाशी मी थांबले, श्रावणात याच भिंतीवर मी चुन्याचे थर बोटाने चाचपून बघितले होते. काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, “त्यांचा राग निवळेल गं हळूहळू.”

“निवळंल,” ती म्हणाली. थोडं चालून गेल्यावर तिने विचारलं, “ताई, तुमच्या गनपतीतलं ते झाड कशाचं केलंवतं? मुळांचं? काथ्याचं ना?”

मी तिच्याकडे वळले.

“मी बगितला फोनवर,” ती म्हणाली. “तुमचा आवाज वळखला.”

“मग सांगितलं का नाहीस? तुझ्यावर आलं सगळं.”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “त्यांच्याकडं कोन येतं ताई? तुम्ही येऊन बसलात, इचारपूस केलीत. दोन म्हयने तुमचंच चाललंवतं. दगड गेलाच हुता. म्हनलं, आता हे बी कशाला घालवू त्यांचं. माज्यावर काय, मी घरातलीच हाय.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिथून एसटी पकडून रोह्याला निघून गेले असते, एवढं मी स्वतःला ओळखते.

मी परत फिरले. ती मागून “ताई, ऱ्हाऊ दे” म्हणत आली. मावशी अजून पडवीतच होती, ऊस निवडून उभा करत होती, डब्याभोवती मांडव बांधायला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मखर, मित्र, फोन, माझं तोंड. तिला नाही म्हटलं होतं तेही सांगितलं. ती ऊस हातात धरून ऐकत होती. मला वाटलं होतं, बोलली की मी सुटेन. पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती दारात उभ्या सुनेकडे बघत होती.

“तुला ठावं हुतं?”

सुनेने हातातली पिशवी पडवीत ठेवली.

मावशीने ऊस भिंतीला टेकवला. खाली बसली. पदराने तोंड पुसलं, घाम नसताना. मग हळू म्हणाली, “चा टाक गो. मला बी टाक.”

सून आत गेली. मी पिशवीतून ते दोन नारळ काढून पडवीच्या कडेला ठेवले. ते घेऊन जायचं मला धाडस होईना.

“उचल ते,” मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “दिलेलं आमी परत घेत नाय.”

मी उचलले. चहासाठी कुणी मला बस म्हटलं नाही आणि मीही थांबले नाही. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, साळावच्या पुलावर एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा नारळ एकमेकांवर वाजले.

ते अजून माझ्या रोह्याच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या खाली आहेत. नवऱ्याने दोनदा फोडायला काढले, दोनदा मी परत ठेवायला लावले. आता हलवून बघितले तर आतलं पाणी वाजत नाही. परवा भावाचा फोन आला, पुढच्या वर्षी काय करायचं ताई, आतापासून ठरव, लोक विचारतायत. मी म्हटलं, साधा पडदा लाव.